चाक फुगते तेव्हा : ग्राना पदानो चीज आणि अंड्यातले लायसोझाइम

उत्तर इटलीत, पो नदीच्या खोऱ्यात, ग्राना पदानो चीजची चाके नऊ महिन्यांची झाली की परीक्षक हातोडी घेऊन येतो. चाक म्हणजे २४ ते ४० किलोचा घट्ट पिवळसर गोळा, व्यास ३५ ते ४५ सेंटिमीटर. परीक्षक चाक उलटसुलट करतो आणि सगळीकडून ठोकतो. आतून गच्च असेल तर आवाज सगळीकडे एकच येतो, पोकळी किंवा तडा असेल तिथे तो बदलतो. आपल्याकडे माठ घेताना टिचकी मारून बघतात, तसेच हे. शंका आली तर बारीक सुई आत फिरवून बाहेर काढायची आणि हुंगायची. पास झालेल्या चाकाच्या सालीवर तापलेल्या लोखंडाचा शिक्का बसतो. नापास चाकाला ग्राना पदानो हे नाव मिळत नाही आणि त्याची किंमत घसरते.

नापास होण्याची कारणे बरीच असतात. त्यातले सगळ्यात महागाचे म्हणजे उशिरा फुगणे. इटालियनमध्ये त्याला ‘गोनफियोरे तार्दीवो’ म्हणतात. चाक बनते, खारते, फळीवर चढते, सगळे ठीक दिसते. मग दोन-तीन महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा वरची बाजू घुमटासारखी वर येते. कापले तर आत भोके आणि आडवे तडे, आणि खवट, ओकारी आणणारा ब्युटिरिक आम्लाचा वास. तोवर दूध, मजुरी आणि फळीवरची जागा सगळे खर्च झालेले असते.

हा दोष रोखण्यासाठी या चीजच्या दुधात अंड्यातून काढलेले लायसोझाइम हे एन्झाइम, म्हणजे ठरावीक रासायनिक काम घडवून आणणारे प्रथिन, घालतात. एन्झाइमने जिवाणू मारून अन्न टिकवण्याची जी थोडी उदाहरणे जगात मोठ्या प्रमाणावर चालतात, त्यातले हे एक. वर्षाला ५० लाखांहून जास्त चाके बनतात, म्हणजे प्रयोगशाळेतली गंमत नव्हे. ते इथे का चालते हे नीट कळले, तर दुसरीकडे का चालत नाही हेही आपोआप कळते.

गुन्हेगार

क्लोस्ट्रिडियम टायरोब्युटिरिकम हा मातीतला जिवाणू. त्याला ऑक्सिजन सोसत नाही. परिस्थिती वाईट झाली की तो बीजाणू बनून बसतो. बीजाणू म्हणजे जाड कवचाची सुप्त अवस्था. दूध पाश्चराइझ करताना ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवतात, त्याने बीजाणूला काहीही होत नाही. ग्राना पदानो तर कच्च्याच दुधाचे असते.

मातीतून तो चाऱ्यात येतो, आणि मुख्य वाट मुरघासाची. मका चिरून, दाबून, हवाबंद करून आंबवला की मुरघास होतो. तो नीट आंबला, पीएच ४ च्या आसपास उतरला, तर हा जिवाणू वाढत नाही. पण माती मिसळली, दाब कमी पडला, पाणी जास्त राहिले किंवा उघडलेल्या तोंडाशी हवा लागून आंबटपणा उतरला, की त्याची तिथे चंगळ होते. गाय तो घास खाते. बीजाणू तिच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि चारा पचून गेल्यामुळे शेणात त्यांची दाटी चाऱ्यापेक्षा जास्त असते. शेणाचे शिंतोडे कासेला, कासेवरून सडांना, सडांवरून दुधात.

किती बीजाणू पुरतात? सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिलिलिटरमागे हजारोंच्या संख्यांची सवय असते. इथे हिशेब लिटरमागे करतात. दुसरे काही संरक्षण नसेल तर लिटरला काही डझन ते काही शे बीजाणूही चाक बिघडवायला पुरतात. एका चाकाला साधारण ५०० लिटर दूध लागते आणि त्यातले बहुतेक बीजाणू कर्डमध्ये, म्हणजे जमलेल्या दुधाच्या घट्ट भागात, अडकतात.

आता चाकाच्या आत काय चालते ते पाहू. विरजणातले जिवाणू पहिल्या एक-दोन दिवसांत दुधातली सगळी साखर संपवतात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. इतर बहुतेक जिवाणूंचे जेवण तिथेच संपते. टायरोब्युटिरिकमला मात्र लॅक्टेटच, म्हणजे त्याच आम्लाचे क्षाररूप, हवे असते. ढोबळ हिशेबात लॅक्टेटच्या दोन रेणूंमागे ब्युटिरिक आम्लाचा एक, कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि हायड्रोजनचे दोन रेणू निघतात. कार्बन डायऑक्साइड चीजच्या पाण्यात बराचसा विरघळून जातो, हायड्रोजन विरघळत नाही. भोके आणि तडे पडतात ते मुख्यतः त्याच्यामुळे.

मग मीठ काय करते? चाक १४ ते ३० दिवस मिठाच्या पाण्यात असते, पण मीठ सालीकडून आत सरकते आणि ३५-४० किलोच्या गोळ्याच्या मध्यापर्यंत पोचायला महिने घेते. तोवर मध्यभाग अळणी असतो. शिवाय कर्ड हंड्यात ५३ ते ५६ अंशांपर्यंत शिजवलेले असते आणि जाड चाकाचा मध्यभाग कितीतरी तास गरम राहतो, कडा मात्र लवकर थंड होतात. पुढे चाके १५ ते २२ अंशांच्या खोलीत मुरतात. ऑक्सिजन नाही, मीठ नाही, लॅक्टेट भरपूर, हवा ऊबदार. बीजाणूला उगवायला याहून चांगली जागा मिळणार नाही. म्हणून चाक फुगते ते मधूनच.

नदीच्या दोन काठांवरची दोन उत्तरे

मांतोवा जिल्ह्यातून पो नदी वाहते. तिच्या दक्षिणेचा भाग पार्मिजानो रेज्जानोच्या क्षेत्रात येतो, उत्तरेचा ग्राना पदानोच्या. दोन्ही चीज दिसायला भावंडे : तांब्याचा हंडा, निवळीचे (दूध जमल्यावर सुटणाऱ्या पाण्याचे) विरजण, वासराच्या पोटातले दूध जमवणारे रेनेट, तांदळाच्या दाण्याएवढे बारीक केलेले कर्ड. फुगण्याच्या प्रश्नावर मात्र दोघांनी वेगळी वाट धरली. पार्मिजानोच्या नियमावलीत गाईला मुरघास घालायलाच बंदी आहे आणि चीजमध्ये कोणताही संरक्षक पदार्थ चालत नाही. ग्राना पदानोत मुरघास चालतो, त्याची भरपाई म्हणून लायसोझाइमला परवानगी आहे. ग्राना पदानोतच त्रेंतो प्रांताचे त्रेंतिनग्राना हे एक रूप आहे. तिथे मुरघासही नाही आणि लायसोझाइमही नाही.

या नियमांमागे शेती आहे. पोच्या मैदानात मका जोरात येतो आणि मका मुरवला की गाईचे दूध स्वस्त पडते. डोंगराळ त्रेंतोत गवत आहे. म्हणजे एन्झाइमचा प्रश्न दिसतो रसायनाचा, पण तो सुरू होतो चाऱ्याच्या हिशेबात.

लायसोझाइम येण्याआधी इटलीत या कामाला फॉर्मल्डिहाइड वापरत. आजही युरोपीय संघात प्रोवोलोने चीजपुरती हेक्सामिथिलीन टेट्रामाइनला परवानगी आहे. ते आम्लात हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडते. हॉलंडच्या गौडात नायट्रेट वापरतात, दुधात लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत. मजा अशी की नायट्रेटपासून जिवाणूला रोखणारे नायट्राइट करण्याचे काम दुधातलेच झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम करते. ग्राना पदानोच्या नियमावलीत नायट्रेटला जागा नाही. बॅक्टोफ्यूज, म्हणजे बीजाणू फेकून देणारे अतिवेगवान सेंट्रिफ्यूज, ९५ टक्क्यांहून जास्त बीजाणू काढू शकते, पण या चीजला कच्चे आणि नैसर्गिक साय काढलेलेच दूध लागते.

साय काढण्याची ही पद्धत नुसती परंपरा नाही. दूध ८ ते २० अंशांच्या मध्ये उथळ भांड्यात स्थिर ठेवतात. त्यातल्या प्रतिपिंडांमुळे चरबीचे थेंब एकमेकांना चिकटून घोसाघोसांनी वर येतात आणि येताना बीजाणूंनाही ओढून आणतात. साय काढली की बीजाणूंचा मोठा वाटा तिच्याबरोबर निघून जातो. दूध आधी फार थंड केले, पंपाने जोरात घुसळले किंवा तापवले तर हे घोस नीट बनत नाहीत. साय कमी येते आणि बीजाणू खालीच राहतात. लायसोझाइमचा डोस तोच असून चाके अचानक फुगायला लागली, तर आधी रात्रीचे दूध कसे ठेवले जाते ते तपासावे. पुष्कळदा घोळ तिथेच सापडतो.

अंड्यातून हंड्यात

लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ मध्ये जाहीर केले. सर्दी झालेल्या नाकातला शेंबूड एका जिवाणूच्या वसाहतीवर टाकला आणि वसाहत विरघळली. अश्रू, लाळ, दूध, अंडे, सगळीकडे ते सापडले. पण रोग पसरवणाऱ्या बहुतेक जिवाणूंवर त्याचा प्रभाव कमी पडला, म्हणून औषध म्हणून ते मागे राहिले. पुढे १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. इतकी बारीक रचना कळलेले ते पहिले एन्झाइम.

काम एकच. जिवाणूच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकनची जाळी असते. तिचे धागे दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक ओवून झालेले असतात. लायसोझाइम त्या शर्करांमधला विशिष्ट बंध तोडते. पेशीत आतून बराच दाब असतो. जाळी उसवली की पेशी फुटते. ग्राम नावाच्या रंगचाचणीने जिवाणूंचे दोन मोठे गट पडतात. ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंत ही जाळी उघडी असते. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंत तिच्यावर आणखी एक पडदा असतो, तो पार करणे लायसोझाइमला जमत नाही. ई. कोलाय सारख्यांवर ते एकटे म्हणून जवळजवळ निकामी.

बीजाणूवरही ते चालत नाही. बीजाणूत पेप्टिडोग्लायकन असते, पण ते कवचाखाली. सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा हा आहे : लायसोझाइम बीजाणू मारत नाही. बीजाणू उगवून त्यातून पेशी बाहेर आली की तिला मारते. म्हणून त्याला महिनोन् महिने जागेवर थांबून राहावे लागते.

ते थांबते कसे? लायसोझाइम १२९ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे. त्याचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो तो, पीएच ११ च्या जवळ आहे, म्हणजे दूध आणि चीजच्या पीएचला त्याच्यावर भरपूर धन भार असतो. दुधातले मुख्य प्रथिन केसीन, त्याच्यावर ऋण भार. दोघे चिकटतात. रेनेटने केसीनचे कर्ड जमते तेव्हा लायसोझाइमचा बहुतांश भाग कर्डमध्येच अडकतो आणि थोडाच निवळीबरोबर जातो. शिजवण्याच्या ५६ अंशांनी त्याला फारसा धक्का लागत नाही, विशेषतः वातावरण आंबट असताना. एकदा चाकात बसले की ते तिथेच, महिन्यांमागून महिने.

अंड्यातून ते काढतातही याच धन भाराच्या जोरावर. पांढरा बलक ऋण भाराच्या रेझिनवरून, म्हणजे प्लास्टिकसारख्या बारीक मण्यांवरून, जाऊ देतात. लायसोझाइम रेझिनला धरून राहते, बाकीची प्रथिने पुढे जातात आणि बेकरीच्या कामी येतात. मग मिठाच्या पाण्याने लायसोझाइम सुटे करून, गाळून वाळवतात. बाजारात ते बहुधा लायसोझाइम हायड्रोक्लोराइड म्हणून मिळते, पावडर किंवा द्राव. युरोपात त्याचा क्रमांक ई ११०५.

डोस आणि टाकण्याची पद्धत

कमाल मर्यादा १०० किलो दुधाला २.५ ग्रॅम. दोन चाकांचा १००० लिटरचा हंडा घेतला तर दूध सुमारे १०३० किलो, म्हणजे जास्तीत जास्त २५.७ ग्रॅम. एका चाकाला साधारण १३ ग्रॅम. बहुतेक लायसोझाइम कर्डमध्ये राहते, म्हणून मुरलेल्या चीजमध्ये ते किलोला ३०० ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास येते. अंड्याच्या भाषेत सांगायचे तर एका अंड्याच्या पांढऱ्यात जेमतेम ०.१ ग्रॅम लायसोझाइम, म्हणजे एका चाकामागे सुमारे १३० अंड्यांच्या पांढऱ्याचे लायसोझाइम.

वजन १३ ग्रॅमचे असताना किराणा दुकानातला तराजू चालत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. द्राव वापरत असाल तर त्यातली टक्केवारी पाहून हिशेब करायचा. पावडरीचे वजन आणि तिची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी. ताकद मोजतात मायक्रोकोकस लायसोडिक्टिकस या जिवाणूचा गढूळपणा किती वेगाने उतरतो यावर : ४५० नॅनोमीटरला शोषण मिनिटाला ०.००१ ने कमी झाले की एक युनिट. उघड्या, ओल धरलेल्या डब्यातल्या पावडरीचे वजन तेवढेच भरते, युनिट कमी भरतात.

क्रम असा. दूध हंड्यात आले, निवळीचे विरजण पडले, तापमान ३१ ते ३३ अंशांकडे जाऊ लागले की लायसोझाइम. ते आधी दहापट-वीसपट थंड, स्वच्छ, क्लोरिनचा वास नसलेल्या पाण्यात विरघळवून घ्यायचे. गरम पाणी नको. रवीने घुसळून फेस काढायचा नाही, कारण फेसाच्या पडद्यावर प्रथिने मोडतात. पावडर थेट दुधावर भुरभुरली तर गुठळ्या होतात आणि त्या एका कोपऱ्यात राहतात. द्राव पसरवून टाकून काही मिनिटे ढवळायचे, मगच रेनेट. रेनेटनंतर आठ-दहा मिनिटांत दूध जमते. त्यानंतर टाकलेले लायसोझाइम सगळीकडे पोचत नाही, आणि एका चाकात ठीक, दुसऱ्यात कमी असा प्रकार होतो. एकाच हंड्याच्या दोन चाकांपैकी एकच फुगले तर कारण दुधात नाही, ढवळण्यात शोधावे.

कर्ड फोडायचे, शिजवायचे, निवळीखाली ७० मिनिटांपर्यंत बसू द्यायचे, मग साचे, मग मीठ. लायसोझाइममुळे यातली एकही पायरी बदलत नाही. कारखान्यांना ते आवडण्याचे हेही एक कारण.

कुठे फसते

बीजाणूच फार असतील तर डोस पुरत नाही. लिटरला हजारो बीजाणूंचे दूध घेऊन २.५ ग्रॅमने चाक वाचेल ही आशा फोल. आणि डोस वाढवायला कायद्याने मुभा नाही. म्हणून दूध येतानाच बीजाणू मोजतात. पद्धत जुनी आहे पण चांगली : दुधाचे ठरलेले भाग लॅक्टेट असलेल्या ब्रायंट-बर्की माध्यमाच्या नळ्यांत टाकायचे, वरून पॅराफिन किंवा अगारचा बूच लावायचा, ८० अंशांना १० मिनिटे तापवायचे, म्हणजे उघड्या पेशी मरतात आणि बीजाणू राहतात. मग ३७ अंशांना ७ दिवस. वायूने बूच वर ढकलला की नळी धन. धन नळ्यांच्या संख्येवरून लिटरमागचा अंदाज. दुबळी बाजू दोन : निकाल आठवड्याने येतो, तोवर चीज बनून गेलेले असते. आणि बूच ढकलणारा दरवेळी टायरोब्युटिरिकमच असतो असे नाही. म्हणून ही चाचणी आजच्या दुधाला पास-नापास करण्यापेक्षा गोठा ओळखायला उपयोगी पडते. ज्याचे आकडे सातत्याने वर, त्याच्या मुरघासाकडे आणि धारेच्या पद्धतीकडे माणूस पाठवायचा. धार काढण्याआधी सड ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले, प्रत्येक गाईला वेगळे फडके घेतले, तरी आकडा चांगलाच खाली येतो.

दुसरी फसगत चुकीच्या रोगावर हे औषध देण्याची. चाक साच्यात असतानाच, पहिल्या एक-दोन दिवसांत, स्पंजासारखे बारीक भोकांनी फुगले तर ते कोलिफॉर्मचे, म्हणजे ई. कोलाय आणि त्याच्या भाऊबंद जिवाणूंचे, काम. ते ग्राम-निगेटिव्ह. तिथे लायसोझाइमचा डोस पाहत बसणे व्यर्थ. दूध काढण्याची स्वच्छता आणि विरजणाचा वेग पाहावा. क्लोस्ट्रिडियमच्या इतर जातीही उशिरा बिघाड करतात, आणि सगळ्या लायसोझाइमला सारख्या बळी पडत नाहीत. चाकात वास कुजकट प्रथिनांचा असेल, ब्युटिरिकचा नसेल, तर वेगळा जिवाणू आहे असे समजून तपासणी करावी.

तिसरी गोष्ट विरजणाची, आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. निवळीचे विरजण म्हणजे कालच्या चीजची निवळी राखून आंबवलेली. त्यातला मुख्य जिवाणू लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस हाही ग्राम-पॉझिटिव्हच. त्याचे काही वाण लायसोझाइमला दबतात. रोज लायसोझाइम वापरणाऱ्या कारखान्यात निवळीतून थोडे लायसोझाइम विरजणात जातेच, म्हणून तिथे टिकून राहिलेले वाण त्याला सरावलेले असतात. नव्याने लायसोझाइम सुरू करणाऱ्याकडे, किंवा लायसोझाइम न वापरणाऱ्याकडून विरजण आणणाऱ्याकडे, पहिले काही हंडे मंदावलेले निघतात. आम्ल उशिरा येते, साखर शिल्लक राहते, आणि त्या साखरेवर दुसरेच कोणीतरी वायू काढते. विरजणाची आंबटता रोज टायट्रेशनने मोजली तर हे पहिल्याच दिवशी दिसते.

चौथे निवळीचे. निवळीत गेलेले थोडे लायसोझाइम अंड्याचे प्रथिन आहे. निवळीची पावडर करून विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला हे सांगायला हवे. युरोपच्या नियमाने चीजच्या वेष्टनावरही ‘लायसोझाइम (अंड्यापासून)’ असे लिहावे लागते, कारण अंड्याची ॲलर्जी असलेल्याला थोडेसेही लागू पडू शकते.

‘एन्झाइमने जंतू मरतात’ म्हणजे कोणते एन्झाइम?

याच कारखान्यांत नळ्या आणि टाक्या धुण्यासाठीही एन्झाइम मिळतात, आणि तिथे घोटाळा होतो. धुण्याच्या द्रावातले प्रोटिएज दुधाच्या प्रथिनांचा थर पचवते, लायपेज चरबी पचवते. ही एन्झाइम जिवाणू मारत नाहीत, जिवाणू ज्या थराखाली लपतो तो थर काढतात. थर निघाल्यावर पेरॅसेटिक आम्लासारखे जंतुनाशक आणि त्यानंतर पाणी, असा क्रम. उलट केला तर जंतुनाशक एन्झाइमलाच मोडते आणि दोन्ही वाया. बीजाणूंसाठी जंतुनाशकाची मात्रा आणि वेळ दोन्ही वाढवावी लागतात. आणि प्रोटिएजचा अंश नळीत राहून दुधात आला तर तो कर्डवर हात साफ करतो : चीजचा उतारा घटतो, कडवटपणा येतो. ‘एन्झाइम क्लीनर’च्या कॅनवर ‘९९ टक्के जंतू नष्ट’ लिहिलेले दिसले तर त्या दाव्यामागचे जंतुनाशक त्याच कॅनमध्ये वेगळे आहे का, हे लेबल पालथे करून वाचावे.

आपल्याकडचा धागा

महाराष्ट्रात मुरघास आता नवा राहिलेला नाही. अहिल्यानगर, पुणे, सांगली, कोल्हापूरकडच्या गोठ्यांत मक्याच्या मुरघासाचे खड्डे आणि हवाबंद बॅगा सर्रास दिसतात. पनीर, दही किंवा प्यायच्या दुधाला त्यातल्या बीजाणूंनी काही बिघडत नाही, कारण ही उत्पादने महिनोन् महिने ऊबदार खोलीत हवाबंद पडून नसतात. पण गौडा, चेडार किंवा त्याहून कडक चीज बनवणारा छोटा कारखाना हेच दूध घेऊ लागला की पोच्या खोऱ्यातला प्रश्न त्याच्या फळीवर येतो. तो तिसऱ्या महिन्यात येतो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत सगळे सुरळीत आहे असा भास होतो.

इथे एक अडचण इटलीत नाही. आपल्याकडे बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटने बनते आणि वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. अंड्यातले लायसोझाइम टाकले की तो ठिपका जातो, कारण आपल्या लेबलच्या नियमात अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गटात मोडतो आणि त्याला तपकिरी त्रिकोण लागतो. ग्राना पदानोला हा प्रश्नच नाही, त्यात मुळातच वासराचे रेनेट आहे. हिरवा ठिपका राखायचा तर मुख्यतः उरतात बॅक्टोफ्यूज, मायक्रोफिल्टर आणि चारा. पहिले दोन छोट्या कारखान्याच्या खिशाला जड आहेत.

चाऱ्याचे काम स्वस्त आहे, पण ते कारखान्यात नाही, गोठ्यात आहे. मका कोरड्या पदार्थाचे प्रमाण ३० ते ३५ टक्के असताना कापावा, तुकडा एक-दोन सेंटिमीटरचा. जमिनीलगत कापणी करून माती आणू नये. भरताना थरावर थर नीट तुडवावा, हवा राहू देऊ नये. खड्डा एकदा उघडला की तोंडाशी रोज पुरेसा थर काढला जाईल एवढाच रुंद असावा, नाही तर उरलेल्या भागाला हवा लागून तो तापतो. हात घातल्यावर गरम लागणारा, काळपट, बुरशी आलेला किंवा तुपकट-खवट वासाचा भाग बाजूला काढून टाकावा. चीजला दूध देणाऱ्या गाईंच्या गव्हाणीत तो टाकू नये, आणि ‘थोडाच आहे, मिसळून घालू’ असेही करू नये, कारण बीजाणू लिटरमागे मोजायचे असतात.